निंबाआप्पांच्या तरंगत्या लेकी

इन्क्युबेटर उघडण्याआधी निंबाआप्पा दारावर टकटक करतात. "आत लेकी आहेत," म्हणतात. मग अहिराणीत चौकशी: "जेवण व्हयनं का, पोरीसहोन?"

लेकी म्हणजे मेंदूच्या स्टेम सेल. लालसर द्रवात त्यांचे बारीक गोळे तरंगत असतात. आप्पा पूर्वी उधन्याच्या कापड कारखान्यात लूमवर होते. आता सुरतेतल्या आमच्या प्रयोगशाळेत या पेशी सांभाळतात. मी इथं पीएचडीला आलेली, घरातली पहिली पदवीधर; त्यामुळे मला प्रत्येक सूचना उपकारासारखी वाटते. आप्पा दिवसाला चाळीसेक उपकार करत.

सगळ्यात मोठा उपकार असा: "डॉक्टरीणबाई, यांच्या खाण्यात सीरमचा, त्या वासराच्या रक्तातल्या द्रवाचा, थेंबही नको. सीरम मिळालं की या तळाला चिकटतात, फाटे फोडतात, संसाराला लागतात. मग माहेरी परत येत नाहीत."

अखाजीला, म्हणजे लेकी माहेरी येतात त्या अक्षय्य तृतीयेला, आप्पांनी पहिल्यांदाच रजा घेतली. आणंदला गुजराती घरात दिलेली मुलगी येणार होती. जाताना म्हणाले, "माझ्या लेकी तुमच्या पदरात." मी इतकी भारावले की शेजारची, सीरम घातलेली बाटली उचलली आणि मनापासून वाढलं.

तिसऱ्या दिवशी आप्पा आले. टकटक केली, फ्लास्क काढला, मायक्रोस्कोपला डोळा लावला.

"चिकटल्या," एवढंच म्हणाले.

मी रडायला लागले. प्रयोगशाळेच्या प्रमुख मॅडम आल्या. "आता या कामाच्या नाहीत. ब्लीच घालून टाकून द्या, फ्रीझरमधल्या नवीन काढा," म्हणाल्या आणि मीटिंगला गेल्या.

मी ब्लीच आणलं. आप्पांनी फ्लास्कवर हात ठेवला. "राहू द्या आठ दिवस. जागा काय खातात?"

"आप्पा, चुकलं माझं. मुलगी आली होती ना? सण तरी चांगला झाला?"

"आली. काळ्या मसाल्याची आमटी केली मी, तिच्या आवडीची. लेकीनं साखर मागितली." आप्पा हसले. "म्हणे, बाबा, आता तिखट सोसत नाही. दुसऱ्या दिवशी दुपारच्याच गाडीनं गेली."

मी सवयीनं बिनसीरमची बाटली पुढे केली. त्यांनी ती बाजूला सारली, सीरमवाली घेतली आणि त्यातलं थोडं हलक्या हातानं फ्लास्कमध्ये सोडलं.

"आता यांना हेच मानवतं," म्हणाले.