बोरीच्या दवाखान्याचा दगड

"अख्ख्या निजाम इलाख्यात माझ्या तोडीचा खुफिया नाही," असं बोरीचे माणिकराव रोज सांगत. खरंच होतं. तोडीचाच काय, बिनतोडीचाही दुसरा नव्हता. गुन्ह्याचा त्यांना दोन कोसांवरून वास येई; वारा तेवढा नेहमी उलटा असे. मदतनीस म्हणून सांबप्पा वाणी दुकान टाकून त्यांच्या मागे हिंडे.

या खेपेला मात्र सांबप्पाचाच जीव टांगणीला लागला होता. गेल्या साली सरकारचे बडे साहेब मोटारीतून आले. दवाखाना देऊ म्हणाले, पंच आता गावानंच हात वर करून निवडायचे म्हणाले. नारळ फुटला, पायाचा दगड बसला. पुढं ना दवाखाना, ना पंच. आणि आता दगडच गायब! घरी बायकोचे, गौराबाईचे, दिवस भरलेले. पहिलं मूल जिंतूरच्या डॉक्टरकडं नेताना वाटेवर बैलगाडीतच गेलं होतं.

"प्रकरण जड आहे," माणिकराव दगडाच्या खड्ड्यात उतरून म्हणाले. "यात इंग्रजांचा हात आहे."

"इंग्रज दगड कशाला नेतील, मालक?"

"तेच तर कळू देत नाहीत, लबाड!"

दुपारी संशय धोबीघाटावर गेला. माणिकराव तिथले दगड उलथू लागले, तेव्हा बायांनी ओल्या लुगड्यांनी त्यांचा समाचार घेतला. संध्याकाळी नवा निष्कर्ष निघाला: सरकारची दया येऊन दगडाला पाझर फुटला, आणि तो वाहून गेला.

तेवढ्यात शेजारची धुरपताबाई भावाच्या गावाहून आली. "दगड व्हय? तिकडं हाय की. उद्या सायब बसवायलेत. आपल्या हळदीची बोटं हायेत अजून त्याच्यावर. नारळ तेवढा नवा!"

"हा माझा चौथा तर्क होता," माणिकराव म्हणाले.

सकाळी बोरीच्या बैलगाड्या तिथं पोचल्या आणि साहेबांच्या मोटारीभोवती सोडल्या. साहेबांचं भाषण सुधारणांवर आलं होतं.

धुरपताबाई उठली. "सायब, हात वर करून ठरवा म्हणला व्हता न्हवं? मंग दगड हितंच ऱ्हाऊ द्या, अन् बोरीला आजच डॉक्टर धाडा. कबूल आसंल त्यानं हात वर करा!"

दोन्ही गावांचे हात वर गेले. पहाऱ्याच्या शिपायाचाही गेला. साहेबांनी डोळे वटारल्यावर त्यानं त्याच हातानं डोकं खाजवलं.

"बाई," साहेब हसले, "सुधारणा जाहीर झाली आहे. लागू नाही."

"बरं. मंग आमीबी तुमाला जायची मोकळीक जाहीर करतो."

"शुक्रिया. गाड्या हटवा."

"लागू डॉक्टर आल्यावर!"

घोडेस्वार जिंतूरला पिटाळला गेला. दिवस मावळायच्या आत डॉक्टर बोरीत सांबप्पाच्या दारी उतरला. बाळ आडवं होतं. दाराबाहेर सांबप्पा महादेवाचं नाव घेत बसला. त्याला ना माणिकराव दिसत होते, ना त्यांचं बोलणं ऐकू येत होतं. मग आतून रडणं ऐकू आलं, आणि तो भिंतीला टेकून स्वतःच रडू लागला.

माणिकराव त्याच्या कानाशी वाकले. "सांबप्पा, सरकारी डॉक्टर, आणि त्याच दिवशी? मला यात काहीतरी काळंबेरं दिसतंय."