नकाशात पाणी आहे

निवृत्तीला बारा दिवस उरले असताना नकाशेसाहेबांना त्यांच्या बायकोनं बोटीत बसवलं.

नकाशेसाहेब हे काही त्यांचं आडनाव नव्हे, ते गल्लीनं ठेवलेलं नाव. सरकारी नकाशा कार्यालयात गेली एकतीस वर्षं नदीच्या मुखाचा नकाशा त्यांच्याकडे होता. समुद्राला मिळण्याआधी नदी जिथं दहा दिशांना फाटे फोडते, तो सगळा पसारा त्यांच्या टेबलावर होता. कुठला फाटा कुठं वळतो आणि कुठल्या बेटाला किती टोकं, हे त्यांना झोपेतून उठवून विचारलं तरी सांगता आलं असतं. तिथं ते स्वतः मात्र एकदाही गेलेले नव्हते. "नकाशा करणाऱ्यानं जागेवर जाऊ नये," असं ते नव्या माणसांना सांगत. "उगाच मन गोंधळतं."

या एकतीस वर्षांत त्यांच्या नकाशाला एकही शुद्धिपत्रक निघालं नव्हतं. शेजारच्या टेबलावरच्या डोंगरवाल्यांची तीन निघाली होती आणि रस्तेवाल्यांनी तर मोजणं सोडून दिलं होतं. नदीबद्दल तक्रारी येत नसत असं नाही. वर्षाकाठी पाच-सहा यायच्याच. पण कार्यालयाची पद्धत पक्की होती. आलेली तक्रार नकाशाशी ताडून पाहायची आणि जुळली नाही तर फेटाळायची. आता नकाशाशी जुळणारी तक्रार कोण कशाला करील? ही पद्धत साहेबांनीच बसवली होती. निरोप समारंभात मोठे साहेब "निष्कलंक एकतीस वर्षं" असे शब्द वापरणार होते, कारण भाषणाचा मसुदाही आपल्या साहेबांनीच करून दिला होता. सोमवारी नकाशाच्या सातव्या आवृत्तीवर शेवटची सही केली की सुटले.

"एकतीस वर्षं त्या नदीचं ऐकतेय मी," बायको म्हणाली. "माझ्या मावसभावांची नावं तुमच्या लक्षात राहत नाहीत, बेटांची बरी राहतात! एकदा डोळ्यांनी बघून तरी येऊ." आणि तिनं रविवारची दोन तिकिटं काढून टाकली. सकाळी नऊ ते संध्याकाळी पाच, सोबत गाईड, दुपारचं जेवण धरून. साहेबांनी नकाशा बरोबर घेतला. निदान तेवढी तरी ओळखीची वस्तू जवळ असावी म्हणून.

बोटीत वीसेक माणसं होती. गाईडबाई पन्नाशीच्या, उन्हानं रापलेल्या आणि त्याच फाट्यांवर लहानाच्या मोठ्या झालेल्या. गळ्यात शिट्टी, हातात भोंगा. सुकाणूवर त्यांचे थोरले दीर बसले होते, ज्यांना अख्खा दिवस चार शब्दांत भागवायची सवय होती.

"डावीकडं बघा मंडळी," गाईडबाईंनी भोंगा तोंडाला लावला. "हे आमचं नवं बेट. बारा वर्षांमागं इथं नुसती वाळू होती. आता झाडं बघा, बगळे बघा!"

साहेबांनी मांडीवरचा नकाशा उलगडला, चष्मा सावरला आणि शांतपणे म्हणाले, "इथं बेट नाही."

सगळ्यांनी बेटाकडं पाहिलं. बेटावरच्या झाडावरून एक बगळा उडाला.

"नाही म्हणजे काय, साहेब?"

"नकाशात नाही. सरकारी नकाशा आहे हा. मीच करतो."

"मग तो बगळा कशावर बसला होता हो?" बायकोनं विचारलं.

"तात्पुरता गाळ असेल. त्याची नोंद करत नसतात."

अकरा वाजेपर्यंत साहेबांनी दोन बेटं, एक बंधारा आणि शाळेसकट एक गाव रद्द केलं होतं. गाव रद्द होत असताना शाळेच्या अंगणातली पोरं बोटीकडं बघून हात हलवत होती. गाईडबाई हसून सोडून देत होत्या. पण पुढच्या बाकावर बसलेले एक दातांचे डॉक्टर साहेबांवर फिदा झाले. छापील गोष्टीवर त्यांचा फार विश्वास. "तुम्ही स्वतः नकाशा केलाय म्हणता? मग या बाईंचं आपण कशाला ऐकतोय?" असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतपत हळू म्हणाले.

खरी भानगड जेवणावरून झाली. जेवण नदीच्या पलीकडच्या अंगाला, खांबांवर उभारलेल्या एका घरात होतं. तिथं जायला मोठ्या वळशानं दीड तास लागेल, असं गाईडबाईंनी सांगितलं.

"दीड तास?" साहेबांनी नकाशावर बोट ठेवलं. "सात नंबरच्या फाट्यानं वीस मिनिटं!"

"तो फाटा बुजला साहेब. ओहोटीला तिथं चिखलाशिवाय काही नसतं."

"तीन मीटर पाणी आहे."

"कुणी बघितलं?"

"बघायचं काय त्यात? लिहिलंय इथं."

भुकेल्या माणसापुढं दोन रस्ते ठेवले तर जवळचा रस्ता त्याला आपोआप खरा वाटू लागतो. मागच्या बाकावरून कुजबुज सुरू झाली. डॉक्टरांनी तर "दीड तास फिरवतात म्हणजे डिझेलचं बिल फुगवायचं असेल," असा शोधही लावला. तेवढ्यात साहेबांनी सहज विचारलं, "तक्रारवही कुठं असते हो तुमची?"

गाईडबाईंचा चेहरा उतरला. कंपनीचा नियम असा होता की वर्षात तीन तक्रारी झाल्या की गाईड बोटीवरून खाली. बाईंच्या नावावर दोन होत्या. एक मगर दिसली नाही म्हणून आणि दुसरी मगर दिसली म्हणून. त्यांनी दिराकडं पाहिलं. "भाऊजी, घ्या उजवीकडं."

"बघ बाई," भाऊजी म्हणाले. त्यांच्या चारांतले दोन शब्द संपले.

पहिली दहा मिनिटं झकास गेली. साहेब उभे राहून "आता डावं वळण येईल," म्हणत आणि वळण येई. लोक माना डोलवत. मग पाण्याचा रंग बदलला, इंजिन खोकलं, बोटीच्या पोटाखालून एक लांब, ओला, समाधानी आवाज आला आणि बोट थांबली. भाऊजींनी इंजिन बंद करून टोपी डोळ्यांवर ओढली.

"पाणी परत कधी येईल?" डॉक्टरांनी विचारलं.

"सहा वाजता," गाईडबाई म्हणाल्या. तेव्हा बारा वाजून पाच मिनिटं झाली होती.

"मधे एखादा उंचवटा लागला असेल," साहेब म्हणाले. त्यांनी बोटीतलं वल्हं उचललं आणि खोली मोजायला सरळ खाली सोडलं. वल्हं वीतभर आत गेलं आणि तसंच उभं राहिलं. साहेबांनी हात काढून घेतला तरी ते उभंच होतं. तीन मीटर पाण्यात एकट्यानं उभं राहिलेल्या त्या वल्ह्याकडं सगळी बोट बराच वेळ बघत होती.

"तुम्हीच ना हो ते नकाशावाले?" डॉक्टर म्हणाले. आवाजातला आदर ओसरला होता, पाण्यासारखाच.

बाकावर चढून हात उंच केला की गाईडबाईंच्या फोनला थोडी रेंज मिळत होती. त्यांनी बचावकेंद्राला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा स्पीकर सुरू केला.

"ठिकाण सांगा," पलीकडचा माणूस म्हणाला.

"सात नंबरचा फाटा. बोट चिखलात रुतलीय. वीस माणसं आहेत, सगळी उपाशी."

"थांबा, बघतो. सहा... सात... हं. तीन मीटर पाणी आहे तिथं, बाई."

"चिखल आहे दादा! मी इथं उभी आहे."

"नकाशात पाणी आहे."

साहेबांनी बाकावर चढून फोन ओढून घेतला. "हे बघा, मी नकाशा कार्यालयातून बोलतोय. म्हणजे, बोटीतून बोलतोय. तुमच्यासमोरचा नकाशा मीच केलेला आहे."

"अरे वा! नमस्कार साहेब. मग तुम्हाला वेगळं काय सांगू? तिथं पाणी आहे."

"अहो, पण आत्ता नाहीये!"

"साहेब, माझ्या फॉर्मात कारणाचे दोनच रकाने आहेत," तो माणूस समजुतीच्या सुरात म्हणाला. "एक, चालवणाऱ्याची चूक. म्हणजे बोट भलत्याच ठिकाणी जाऊन बसलीय आणि गाईडला पत्ता नाही. हे लिहिलं की शोधायला चिखलावरची होडी लगेच निघते. अर्ध्या तासात पोचेल. गाईडबाईंचं लायसन मात्र उद्यापासून बंद. दोन, नकाशातली चूक. हे लिहिलं तर नकाशा कार्यालयाचा होकार आल्याशिवाय होडी हलवता येत नाही. आणि ते सोमवारी उघडतं. काय लिहू?"

मग डॉक्टर म्हणाले, "त्यात विचार कसला? चालवणाऱ्याची लिहा ना! बाई काय, दुसरं काम बघतील. इथं भुकेनं जीव चाललाय." दोन-तीन माना हलल्या. गाईडबाईंनी गळ्यातली शिट्टी मुठीत धरली होती, आणि साहेबांकडं त्या मुद्दाम बघत नव्हत्या.

साहेबांच्या डोळ्यांसमोर मोठ्या साहेबांच्या भाषणाचा कागद आला. 'निष्कलंक' हा शब्द त्यांनी स्वतःच्या हातानं अधोरेखित केला होता. एका वाक्याचा तर प्रश्न होता, आणि ते वाक्य दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर पडणार होतं.

"अहो," बायको म्हणाली. नुसतंच "अहो". पण लग्नाला इतकी वर्षं झाली की त्या एका शब्दात काय काय मावतं, हे ज्याचं त्याला कळतं.

साहेबांनी घसा साफ केला. "नकाशातली चूक," ते म्हणाले. "लिहा."

"नक्की?"

"नक्की. माझी चूक आहे."

"तक्रारदार म्हणून तुमचंच नाव घालतो मग. सोमवारी तुमच्या कार्यालयाला पाठवून देतो. शुभ दिवस, साहेब." फोन बंद झाला.

डॉक्टर पुढं दोन तास साहेबांशी बोलले नाहीत. गाईडबाईंनी मात्र स्वतःचा डबा उघडला आणि पहिला घास साहेबांच्या बायकोच्या हातावर ठेवला. वीस जणांत त्या डब्याचं काय होणार? दाताला लागला तेवढाच. खाऊन झाल्यावर साहेबांनी नकाशा बाकावर पसरला आणि खिशातली पेन्सिल काढली. "बाई, ते बेट. कुठून कुठपर्यंत म्हणालात?"

मग दुपार कशी गेली कळलं नाही. बाई सांगत होत्या, साहेब काढत होते. गाव परत आलं, बंधारा आला, शाळा आली. शाळेच्या जागेवरून बाईंचं आणि भाऊजींचं कडाक्याचं भांडण झालं. भाऊजी सलग पाऊण तास बोलले. इतकं ते स्वतःच्या लग्नातही बोलले नव्हते म्हणे. अखेर डॉक्टरांनाही राहवेना. त्यांनी येऊन नकाशाचा कोपरा दाबून धरला आणि "रेघ वाकडी आली तुमची," असं म्हणून समेट केला. एक्केचाळीस दुरुस्त्या झाल्या. सव्वासहाला बोट पाण्यावर तरंगू लागली हे पहिल्यांदा बायकोच्या लक्षात आलं. बाकीचे बेचाळिसाव्या दुरुस्तीवर वाद घालत होते.

सोमवारी साहेब दुरुस्त्यांचा नकाशा काखेत मारून कार्यालयात गेले. सातव्या आवृत्तीवर सही करायची नाही, असं ठरवूनच गेले होते. पण त्यांच्या आधी बचावकेंद्राचा कागद पोचला होता, आणि नियम असा की तक्रार करणाऱ्यानं स्वतःच्या तक्रारीवर निर्णय द्यायचा नाही. टेबल सातव्या आवृत्तीसकट त्याच दिवशी त्यांच्या हाताखालच्या माणसाकडं गेलं. साहेबांनी त्याला चौदा वर्षं तयार केलं होतं. एक्केचाळीस दुरुस्त्या हातात घेताना त्याचे डोळे भरून आले. "साहेब, तुम्ही निर्धास्त जा," तो म्हणाला. "तुमच्या नावाला मी डाग लागू देणार नाही."

"अरे, लागू दे की!" साहेब म्हणाले. त्याला ते मनाचा मोठेपणा वाटला. निरोप समारंभात मोठे साहेब 'निष्कलंक' म्हणाले तेव्हाही साहेब उठून "तसं नाहीये, ऐका," म्हणाले होते. लोकांना तो विनय वाटला आणि टाळ्या जास्तच झाल्या.

महिन्याभरानं घरी पत्र आलं. बायकोनं फोडून मोठ्यानं वाचलं.

"'आपली तक्रार नकाशाशी ताडून पाहिली असता सदर ठिकाणी तीन मीटर पाणी असल्याचे आढळून आले. सबब तेथे बोट रुतण्याची घटना घडलेली नाही व कोणावरही कारवाई करण्याचा प्रश्न उद्भवत नाही. आपण जोडलेली एक्केचाळीस ठिकाणे नकाशात नसल्याने त्यांचा विचार करता आला नाही. आपला गैरसमज झाला असावा.'"

बायको हसता हसता खुर्चीत बसली. "म्हणजे गाईडबाई सुटल्या तेवढ्या! पण मग त्या दिवशी आपण सहा तास होतो कुठं?"

साहेबांना हसू आलं नाही. पत्र त्यांच्या ओळखीचं होतं. 'गैरसमज झाला असावा' हे शब्द त्यांनीच बावीस वर्षांपूर्वी शोधून काढले होते आणि तेव्हा ते त्यांना फार सभ्य वाटले होते. वर्षाला पाच-सहा माणसं. त्यांतला प्रत्येक जण असाच कुठल्यातरी चिखलात बसून आला असणार आणि त्यानं हे पत्र असंच हातात धरलं असणार. साहेबांना लाज वाटली, चांगलीच वाटली.

पत्राला खाली एक चिठ्ठी जोडलेली होती, सही करून परत पाठवायची. 'उत्तराने समाधान झाले' असं छापलेलं आणि पुढं चौकोन एकच, 'होय'. कागदाची बचत व्हावी म्हणून 'नाही'चा चौकोन साहेबांनीच काढून टाकला होता. त्यांनी पट्टी आणली, पेन्सिलीला टोक काढलं, 'होय'च्या शेजारी तेवढाच एक चौकोन आखला आणि त्यात सुबक अक्षरात 'नाही' लिहिलं. मग पाकिटावर आपल्याच जुन्या टेबलाचा पत्ता घातला आणि पेटीत टाकायला निघाले. तिकडं तो कागद सगळ्यात आधी कशाशी ताडून बघतील, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं.