खापरपणजोबांची कापूसगाडी

सासऱ्यांनी, म्हणजे वामनरावांनी, आपल्या गच्चीवर आम्हाला दोन खोल्या बांधून द्यायचं ठरवलं आणि मी बाणेदारपणे नाही म्हणालो. (बाणेदारपणा मला वर्षातून एकदा जमतो, तोही पोटभर जेवण झाल्यावर.) आमच्या घराण्यात सात पिढ्यांत कोणी घरजावई झाला नाही, असं बायकोला ठणकावून सांगितलं. आमच्या अकोल्याच्या जुन्या शहरातल्या भाड्याच्या खोलीत गळतीखाली बादली सरकवत शकुन म्हणाली, "कागद दाखवा. मंग मी खोल्याइचं नावच काढणार नाही."

दुसऱ्याच दिवशी रजा टाकून मी अमरावतीच्या एका दफ्तरखान्यात हजर झालो. तिथले गयासुद्दीनभाई मोडी वाचतात. त्यांनी एक पिवळा कागद उलगडला आणि माझे खापरपणजोबा नत्थुजी सापडले. साल १८६४. अमरावतीच्या कापूसबाजाराच्या वाटेवर गाडी आडवी घालून रस्ता अडवल्याची तक्रार होती.

मी डोळे मिटले. तिकडे अमेरिकेत लढाई, तिथला कापूस बंद, इकडे वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचा भाव. काळ्या मातीच्या वाटेनं पांढऱ्या गाड्यांची रांग चाललेली, बैलांच्या घुंगरांचा आवाज, हवेत तरंगणारा कापूस, आणि सगळा बाजार अडवून मिशीला पीळ देत बसलेले आमचे नत्थुजी. मला भरून आलं. त्याच भरात शकुनला फोन लावला. आपली स्वतःची गाडी होती, बैल होते, आता खोल्या विसर, असं सांगून टाकलं.

तेवढ्यात गयासुद्दीनभाई खाकरले. तक्रारीखालची जबानी नत्थुजींची नव्हती, त्यांच्या बायकोची, जमुनाची होती. ते सावकाश वाचू लागले. "गाडी माया बापाची. हाकत मी होती. माया मालक मांगं कापसावर निजला होता. त्याले उठवाले कासरा सोडून गेली, तं गाडी आडवी झाली. तो उठला नाही. तो माया बापाच्याच घरी राहते."

मी म्हणालो, "भाई, जरा नीट वाचा."

"नीटच वाचून राहिलो साहेब."

माझा फोन चालूच होता. त्यातून शकुनचा शांत आवाज आला, "भाईजान, त्याची एक नक्कल मायासाठी द्या."

मला वाईट वाटलं, नाही असं नाही. परतीच्या बसमध्ये पुन्हा डोळे मिटले. गाडी तीच होती, घुंगरं तीच होती, फक्त खापरपणजोबा आडवे झाले होते. खरं सांगतो, बसल्यापेक्षा ते निजलेलेच जास्त सुखी दिसत होते.

खोल्या बांधून झाल्या तशी आम्ही बिऱ्हाड हलवलं. टेम्पोत ड्रायव्हरशेजारी शकुन बसली, रस्ता दाखवायला. पुढे जागा नव्हती म्हणून मी मागे गाद्यांवर चढलो. मोर्णा नदीचा पूल येईपर्यंत मी जागा होतो. पुढचं शकुनकडून कळलं: वामनरावांच्या दारात टेम्पो आडवा उभा करून तिनं मला तीनदा हाक मारली, आणि मागे गाड्यांची रांग लागली होती.