कोट कुणी खाल्ला, कपाट कुणी खाल्लं

कपाटाखाली चिमूटभर पिवळा भुसा.

खिडकीच्या कडेला मरून पडलेला, तिळाएवढा ठिपकेदार भुंगेरा.

अर्ध्यावर सोडलेला बुद्धिबळाचा डाव. चाल काळ्याची.

कोटाच्या ऐन पाठीत भोक. त्यातून सुनेच्या नवऱ्याचं बनियन दिसतंय.

कपाट सुनेच्या वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, स्वतः रंधा मारून लग्नात दिलेलं, ते सुतार. कोट सासऱ्यांनी शिवलेला, ते शिंपी.

"व्याहीबुवा, तुमच्या कपाटातल्या किड्यानं माझा कोट खाल्ला!"

"उलटं बोलताय! तुमच्या कोटातून कीड आली नि माझं कपाट पोखरलं."

"माझ्या कापडात कीड? जिभेला काही हाड?"

पट तसाच टाकून दोघे उठले. त्यानंतर आले ते एकेकटे, सुनेचं डोकं खायला. नवरा म्हणाला, "तूच बघ बाई. किडे तुझा विषय." ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची.

तिने दोन्हीकडच्या अळ्या वेचून दोन बरण्यांत ठेवल्या. प्रत्येक बरणीत एक लाकडाचा तुकडा, एक लोकरीची चिंधी. बऱ्याच आठवड्यांनी तिने दोघांना बोलावलं, अर्थात एकमेकांना न कळवता.

"अण्णा, ही अळी लाकडातच वाढते, लाकूडच खाते. लोकरीकडे ढुंकूनही बघत नाही. आणि बाबा, हिला अंधार नि लोकर लागते. भुंगेरा झाला की मात्र खिडकीतून बाहेर, फुलांवर. पराग खातो."

अण्णांनी कपाटावरून हात फिरवला. "म्हणजे खोट माझ्याच मालात?"

सासरे चष्मा पुसत बसले.

"खोट कसली? दाबीव भुशाच्या फळीला ही तोंड लावत नाही, पॉलिस्टरला ती. दोघींना अस्सल माल लागतो."

सासऱ्यांची मान ताठ झाली. "ऐकलंत? शुद्ध लोकर!"

"आणि माझं? खरं लाकूड!"

"आमचा किडा मोठेपणी फुलांवर तरी बसतो."

"उंडगा मेला! आमचा बघा, जन्मभर एका जागी मुकाट काम."

वाद घालत घालतच दोघे पटाशी जाऊन बसले.

"चाल कुणाची?"

"तुमचीच. हरत होतात, म्हणून विसरलात."

नवऱ्याने हळूच विचारलं, "मग कोट टाकून देऊ?"

"खबरदार!" दोघे एकदम ओरडले.

कपाटाची मागची फळी दाबीव भुशाची होती, कोटाची डावी बाही पॉलिस्टरची. दोन्हींना एकही भोक नव्हतं, आणि हे सुनेने भांडणाच्या दिवशीच पाहिलं होतं.