मखराभोवतीची मालगाडी

"यंदा पयली आरती माझ्या हातची," असं कमलाकर म्हात्र्यांनी गणपतीच्या पंधरा दिवस आधीच पनवेलच्या आपल्या बिल्डिंगभर जाहीर करून टाकलं. "आन् मखराभोवती मालगाडी फिरनार. साधी नाय, अस्सल हाय!"

बत्तीस वर्षं मालगाडीचं इंजिन चालवून कमलाकर मे महिन्यात निवृत्त झाले होते. एवढ्या वर्षांत घरच्या पहिल्या आरतीला ते एकदाही हजर नव्हते. घरात आरती चालू असायची तेव्हा हे कुठल्यातरी आडरानात सिग्नलची वाट बघत बसलेले. दरवर्षी तबक एकट्या कुमुदने ओवाळलं. तिने ते कधी बोलून दाखवलं नाही, आणि तेच त्यांना जास्त लागायचं.

गाडी मात्र खरोखर अस्सल होती. वीतभर इंजिनाच्या पोटात नखाएवढी चिप आणि चिमुकला स्पीकर. मोबाइलवर बोट टेकवलं की इंजिन धडधडायचं, हेडलाइट लागायचा, हॉर्न वाजायचा. एवढ्यावर एखादा शहाणा माणूस थांबला असता. कमलाकरांनी आठवडाभर डोकं घालून त्या चिपला रेल्वेचा नियमसुद्धा शिकवला. इंजिन वाटेत अचानक थांबलं, तर पिवळा दिवा लुकलुकणार आणि हॉर्न तुटक तुटक वाजणार. म्हणजे धोका आहे, आहात तिथे थांबा.

"गणपतीपुढं कसला आलाय धोका?" कुमुदने विचारलं.

"नियम म्हंजे नियम."

चतुर्थीला घर माणसांनी भरलं. कमलाकरांच्या मालगाडीचे जुने गार्ड गुरुदत्त सगळ्यात पुढे उभे होते. कुमुदने कापूर पेटवून तबक नवऱ्याच्या हातात दिलं, तेव्हा तिचे डोळे भरून आले. आरती सुरू झाली. टाळ्यांचा ठेका धरला गेला आणि गाडी मखराला डौलात वळसे घालू लागली.

आणि बाप्पाच्या हातातलं जास्वंद मखरामागे रुळावर पडलं!

इंजिन अडकलं. पिवळा दिवा लुकलुकायला लागला. पीं, पीं, पीं, पीं.

कमलाकरांच्या टाळूपासून तळव्यापर्यंत बत्तीस वर्षं जागी झाली. त्यांनी न बघताच तबक शेजारी दिलं आणि सोवळं सावरत ते मखरामागे शिरले. गुरुदत्तांनी मोदकांवरचा लाल रुमाल ओढला आणि थेट दाराकडे धाव घेतली. थांबलेल्या गाडीच्या मागे जाऊन लाल झेंडा दाखवायचा, हे त्यांना कुणी सांगायची गरज नव्हती.

"अवो, आरती अर्धी ऱ्हायली," कुमुद म्हणाली.

"लाइन क्लिअर नाय," मखरामागून उत्तर आलं.

तबक तिच्याच हातात आलं होतं. कापूर विझत चालला होता. कुमुदने वर आणखी दोन वड्या टाकल्या आणि आरती पुढे सुरू केली.

तेवढ्यात शेजारची हेतल पेढे घेऊन आली, तर दारातच गुरुदत्तांनी तिच्यापुढे लाल रुमाल आडवा धरला. ती तिथूनच मान उंच करून बघायला लागली.

"काकी, काका कुठे आहेत? यंदा आरती ते करणार होते ना?"

मखरामागून दोन तळपाय तेवढे बाहेर आले होते. कुमुदने त्यांच्याकडे एकदा बघितलं.

"ड्युटीवर," ती म्हणाली आणि ओवाळत राहिली.