चंद्राचं बेअरिंग

लिफ्टच्या धंद्यात मी वीस वर्षं काढली आहेत. डोळे बांधून मला कुठल्याही इमारतीत सोडा, नुसत्या आवाजावरून सांगेन, कितव्या मजल्यावर काय झिजलंय! पण हाच कान माझ्या संसाराच्या मुळावर उठला आहे. मेहुण्याच्या लग्नात सगळे फोटोला उभे राहिले, तेव्हा मी हॉलच्या लिफ्टखाली आडवा होतो. लग्नाच्या वाढदिवशी हॉटेलात गेलो, तिथे मी त्यांचा कुरकुरणारा सरकता दरवाजा दुरुस्त केला आणि बायको एकटी जेवली.

म्हणून कंपनीतल्या सगळ्यांनी सहकुटुंब संगीत नाटकाला जायचं ठरलं, तेव्हा बायकोनं आधीच बजावलं. "पडदा पडेपर्यंत माझ्या शेजारून उठलात, तर यापुढे तुमच्याबरोबर कोपऱ्यावरच्या दुकानातसुद्धा येणार नाही!"

"खुर्चीला खिळून बसतो की नाही बघच!" मी छातीठोकपणे सांगितलं.

दुपारचा खेळ होता. एका बाजूला बायको, दुसऱ्या बाजूला आमचे साहेब. साहेबांच्या बरोब्बर पुढे खांब आलेला, त्यामुळे ते सारखे माझ्या खुर्चीकडे आशेनं बघत होते. दिवे मालवले, पडदा वर गेला आणि काय सांगू! हरवलेल्या आजोबांना शोधायला निघालेली एक चिमुरडी गात होती. तिला न्यायला वरून घराएवढा चंद्र उतरला. ती त्यावर बसली आणि चंद्र निघाला. साखळी नाही, दोर दिसत नाही! बायकोनं आ वासला. मीही वासला.

तेवढ्यात ऐकू आलं. कुईंऽऽ... कुईंऽऽ...

बेअरिंग! कोरडं ठणठणीत बेअरिंग, त्याच्या भरवशावर चंद्र आणि चंद्रावर पोर! मी बायकोकडे पाहिलं. तिची नजर चंद्रावरून हलत नव्हती. एकीकडे माझा संसार, दुसरीकडे लेकराचा जीव. शेवटी वाकून, अंधारात लोकांचे पाय तुडवत मी सटकलो आणि रंगमंचाच्या बाजूचं दार ढकललं.

आतून काळ्या कपड्यांतल्या एक बाई धावत आल्या. "आलात एकदाचे! तिसरा ढग ना?"

"अहो, ते बेअरिंग..."

"शूऽऽ! ढगांनी बोलायचं नाही!" त्यांनी कापसाचा भला मोठा अंगरखा माझ्या डोक्यावरून खाली ओढला आणि मला पुढे ढकललं.

वाचकहो, मी रंगमंचावर होतो! बाकीचे ढग डावीकडे गेले की मी उजवीकडे. एका ढगावर तर दोनदा आदळलो. मग वर पाहिलं आणि जागच्या जागी थिजलो. चंद्र माझ्या डोक्यावरून निघाला होता, लोण्यातून सुरी फिरावी तसा! विंगेत चार माणसं एका तालात दोर ओढत होती आणि कप्पी चकार शब्द काढत नव्हती. मग ते कुईंऽऽ? खाली वादकांमध्ये एक म्हातारबुवा डोळे मिटून ते व्हायोलिनवर वाजवत होते. म्हाताऱ्या चंद्राचं कण्हणं म्हणून! माझ्या वीस वर्षांच्या कानाला त्यांनी एका तारेवर मामा बनवलं होतं. असं काम मी उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. उडी मारून त्यांचे पाय धरावेत असं वाटलं. मला रडू आवरेना, कापूस भिजला.

खेळ संपल्यावर कापूस झटकत बाहेर येऊन उभा राहिलो. आता काही खरं नव्हतं. गर्दीतून बायको आली, डोळे लाल, चेहरा उजळलेला.

"दिवे लागायच्या आत कुठे पळालात हो?" ती म्हणाली. "पण सबंध नाटक शेजारी बसलात! चंद्र ढगांवर आला तेव्हा मी तुमचा हात धरला, तो शेवटपर्यंत सोडलाच नाही. आणि तो वेंधळा ढग बघितलात? मी चिमटा काढून म्हटलंसुद्धा, 'अगदी तुमच्यासारखा चालतोय!' तर तुम्ही हूं नाही की चूं नाही!"

मी मागे वळून पाहिलं. साहेब एका हातानं डोळे पुसत होते आणि दुसऱ्या हाताची बोटं उघडमीट करून बघत होते. हळूच माझ्या कानाशी आले.

"मिस्त्री, मी सांगणारच होतो हो, पण समोर तो चंद्र! वाचाच गेली! चिमटा मात्र तुमच्या वाट्याचा होता."