टेलरमास्तरांसाठी दोन मिनिटं

"माझ्या यादीतला माणूस हरवत नाही," असं सिस्टर छातीठोकपणे सांगायच्या, आणि ते खरंही होतं. लहान वयात हृदयविकार का होतो, याच्या अभ्यासासाठी त्या वीस वर्षं सहाशे बारा जणांच्या मागावर होत्या. मासेमार, टॅक्सीवाले, प्राध्यापक. चार भाषा बोलणारी आणि चाळीस तऱ्हांचं जेवणारी माणसं, पण रक्तदाब जास्त निघाला की सबब सगळ्यांची एकच: घरी बरोबर असतं, इथे आल्यावरच वाढतं.

त्यांत टेलरमास्तर त्यांचे विशेष लाडके. मास्तरांचे वडील आणि दोन्ही भाऊ पन्नाशीच्या आतच हृदयविकाराने गेलेले. सिस्टरांनी हात धुऊन मागे लागून त्यांची सिगारेट सोडवली, मशीनवरून उठवून रोज चालायला लावलं. यंदा मास्तरांनी पन्नाशी गाठली होती. अभ्यासातल्या सगळ्यांच्या शनिवारच्या मेळाव्यात मोठे डॉक्टर त्यांना मंचावर बोलावणार होते.

बुधवारी सिस्टरांनी आमंत्रणाचा फोन लावला. मास्तरांच्या बायकोने तो खांदा आणि कानाच्या मध्ये धरला; शिलाई मशीन चालूच होतं.

"वहिनी, मास्तर आहेत का?"

"ते गेले."

सिस्टरांनी यादीवरचं पेन खाली ठेवलं. "कधी?"

"पहाटे. चौघं आले आणि घेऊन गेले."

"काही त्रास वगैरे?"

"छे, हसत हसत गेले. सगळं काम माझ्या गळ्यात टाकून. आणि सिस्टर, हे तुमच्यामुळे. चालायचं खूळ तुम्हीच घातलंत त्यांच्या डोक्यात."

 फोन ठेवून सिस्टर औषधांच्या खोलीत गेल्या आणि पोटभर रडल्या.

शनिवारी हॉस्पिटलचं सभागृह भरलं. डॉक्टरांनी मास्तरांसाठी दोन मिनिटं उभं राहायला सांगितलं. तेवढ्यात मागचं दार उघडून उन्हाने रापलेला एक माणूस आत आला. सगळे माना खाली घालून उभे! त्यानेही पाठीवरची पिशवी हळूच ठेवली, मान खाली घातली आणि शेजारच्या टॅक्सीवाल्याला विचारलं, "कोण गेलं हो?"

"टेलरमास्तर," टॅक्सीवाला डोळे मिटूनच म्हणाला.

"कुठले?"

"आपलेच. पँट आखूड शिवायचे ते."

"आखूड? कधी शिवली मी आखूड?"

शांततेचा पार बोजवारा उडाला. मास्तर चार मित्रांबरोबर तीन दिवस डोंगर चढायला गेले होते आणि आत्ताच परतले होते, एवढं कळायला लोकांना पाच मिनिटं लागली. सिस्टरांनी आधी त्यांना मिठी मारली, मग झापलं, आणि दंडाला धरून थेट ईसीजीच्या टेबलावर झोपवलं. आलेख तिशीतल्या माणसाला शोभेल असा निघाला. डॉक्टरांनी तो कागद मंचावर उंच धरला. सहाशे बाराचे सहाशे बारा ठावठिकाण्यासकट नोंदीत होते, आणि मास्तर त्यांच्या घराण्यात पन्नाशी पाहणारे पहिले पुरुष. टाळ्या थांबेचनात.

सिस्टरांचा चेहरा मात्र लालबुंद झाला होता. डॉक्टरांनी त्यांच्याच दंडाला रक्तदाबाचा पट्टा गुंडाळला. एकशे अठ्ठ्याहत्तर. सभागृहातली सगळी माणसं सिस्टरांकडे बघू लागली.

सिस्टरांनी घाईघाईने बाही खाली ओढली. "घरी अगदी बरोबर असतं हो," त्या म्हणाल्या. "इथे आल्यावरच वाढतं."